वॉचमनने सही करून घेतलेलं पाकीट

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कोथरूडच्या एका सोसायटीत इटलीहून रजिस्टर्ड पाकीट आलं. ज्यांच्या नावाचं होतं ते गृहस्थ, सोसायटीच्या भाषेत ‘काका’, पुतण्याच्या लग्नासाठी बेळगावला गेले होते. वॉचमनने सही केली, पाकीट व्हिजिटर रजिस्टरखाली सरकवलं आणि दहा दिवसांनी काका परतल्यावर अदबीनं त्यांच्या हातात दिलं.

आत टस्कनीतल्या एका छोट्या गावाच्या पोलिसांची नोटीस होती. आदल्या जूनमध्ये काकांच्या नावावर भाड्यानं घेतलेली गाडी ताशी ५० किलोमीटरच्या हद्दीत ६८ नं गेली होती. कॅमेऱ्याच्या चुकीसाठी इटलीत मोजलेल्या वेगातून ५ टक्के, पण किमान ५ किलोमीटर वजा करतात. ते करून उरले ६३, म्हणजे मर्यादेपेक्षा १३ जास्त. दंड १७३ युरो, वर टपालाचा आणि कार्यवाहीचा खर्च. पाच दिवसांत भरला असता तर तीस टक्के सूट मिळून मूळ दंड १२१ युरो १० सेंटवर भागला असता. पण पाच दिवस मोजतात ते नोटीस पोचल्यापासून, म्हणजे इथं वॉचमनच्या सहीपासून.

ती सही काकांना जवळपास पाच हजार रुपयांना पडली.

काका निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. चाळीस वर्षं गाडी चालवतायत, एकही अपघात नाही. जूनमधली ती ट्रिप त्यांनी दोन वर्षं आखली होती: झुरिकला गाडी घ्यायची, ल्यूसर्न, तिथून गोटहार्डचा सतरा किलोमीटरचा बोगदा ओलांडून इटली, आणि फ्लॉरेन्सजवळ शेवट. काकू, इंग्लंडमध्ये राहणारी मुलगी आणि जावई सोबत. निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही काढलं. एक हजार रुपये फी, वर्षभराची मुदत. “परमिट हातात आलं आणि वाटलं, आता कागद पक्के झाले. तिथले नियम वाचायचे असतात, हे डोक्यातच आलं नाही,” काका म्हणतात.

खरं तर ते परमिट म्हणजे आपल्या लायसन्सचं मान्य भाषांतर. भारत १९४९ च्या जिनिव्हा कराराचा सदस्य असल्यामुळे पुष्कळ देशांत ते चालतं. मूळ लायसन्स खिशात नसेल तर त्याची किंमत शून्य, आणि चीनसारखा देश ते मुळीच मानत नाही. इटलीत ते किंवा अधिकृत भाषांतर जवळ नसेल तर पोलीस त्याचाच वेगळा दंड करू शकतात. पण कागद सगळे चोख असले तरी वेगाचा दंड एका सेंटनंही कमी होत नाही. कॅमेरा लायसन्स बघत नाही, नंबरप्लेट बघतो.

काका अडकले ते एका पाटीमुळे. इटलीत गावात शिरताना पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलेलं असतं. बस्स, तेवढंच. ५० चा लाल गोल शेजारी असेलच असं नाही. गावाचं नाव दिसलं की मर्यादा ५०, आणि तेच नाव लाल तिरक्या रेघेनं कापलेलं दिसलं की गाव संपलं, हे तिथल्या माणसाला लायसन्सच्या परीक्षेतच शिकवलेलं असतं. काकांनी पाटी पाहिली होती. काकूंना गावाचं नाव मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. आकडा दिसला नाही म्हणून पाय मात्र होता तिथंच राहिला. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, रस्ता मोकळा, घरं पुढच्या वळणानंतर.

अशा न लिहिलेल्या मर्यादा जवळपास प्रत्येक देशात आहेत. इंग्लंडमध्ये रस्त्यावर ठरावीक अंतरानं दिव्यांचे खांब असतील आणि दुसरी पाटी नसेल, तर मर्यादा ताशी ३० मैल. वेल्समध्ये अशाच रस्त्यांवर सप्टेंबर २०२३ पासून ती २० वर आली. इटलीच्या महामार्गावर एरवी १३० चालतं, पण पाऊस सुरू झाला की ११०. पाटी बदलत नाही, चालकानंच समजून घ्यायचं. गाडी ताब्यात घेण्याच्या आदल्या रात्री त्या देशातल्या गाव, मोकळा रस्ता आणि महामार्ग या तिन्हींच्या मर्यादा एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवणं, हा काकांनी नंतर शोधलेला उपाय. स्वित्झर्लंडचा त्यांचा कागद असा आहे: ५०, ८०, १२०.

स्वित्झर्लंडचं प्रकरण इटलीच्याही आधीचं. ऑगस्टमध्ये काकांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला, क्रेडिट कार्डावरून सुमारे पाच हजार रुपये गेले होते. काकांनी घाईघाईनं बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं. फ्रॉडच असणार, दुसरं काय! दोन दिवसांनी मुलीनं गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीची ईमेल शोधून काढली. पोलिसांनी कंपनीकडे चालकाचं नाव मागितलं होतं, कंपनीनं ते कळवलं आणि त्या कामाची फी कापून घेतली. करारातल्या बारीक टायपात ती लिहिलेली होती.

इथं पुष्कळ जण फसतात. पैसे कापले गेले म्हणजे दंड भरला गेला, असं समजून गप्प बसतात. ती फी फक्त नाव कळवण्याची. दंड वेगळा आणि तो नंतर येतो. नोटिसा दोन असतील तर फी दोनदा.

सप्टेंबरमध्ये स्विस पोलिसांचं पत्र आलं. ल्यूसर्नच्या पुढे एका गावात रडारनं ६३ मोजले, त्यातले ५ सोडले, उरले ५८. गावाच्या हद्दीत ६ ते १० किलोमीटर जास्त म्हणजे १२० फ्रँक. फ्रँक शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर आठ किलोमीटरचे बारा हजार. मर्यादेवर १ ते ५ किलोमीटर गेले तरी ४० फ्रँक लागतात. “आपल्याकडं शंभरला एकशे दहा म्हणजे शंभरच धरतो की आपण,” काका हसून सांगतात.

पत्रासोबत एक फॉर्म होता. गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर त्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख भरा. त्या दिवशी गाडी जावई चालवत होते. करारात दुसरा चालक म्हणून त्यांचं नाव रीतसर होतं, पण काकूंचं म्हणणं सरळ होतं, जावयाचं नाव पोलिसांच्या कागदावर कशाला? काका फॉर्मवर आपलंच नाव लिहायला बसले. व्हिडिओ कॉलवर मुलीनं त्यांना थांबवलं आणि ख्रिस ह्यून यांची गोष्ट सांगितली. ब्रिटनचे हे माजी मंत्री. २००३ मध्ये त्यांची गाडी वेगाच्या कॅमेऱ्यात सापडली आणि लायसन्सवरचे पॉइंट त्यांच्या तेव्हाच्या पत्नी विकी प्राइस यांनी स्वतःवर घेतले. दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, न्यायाची दिशाभूल केल्याबद्दल दोघांना आठ-आठ महिन्यांची कैद झाली. दंड भरणं वेगळं आणि खोटं नाव लिहिणं वेगळं. फॉर्मवर जावयाचंच नाव गेलं, पैसे जावयानं भरले, आणि दिवाळीत काकूंनी त्याच्यासाठी चकल्यांचा वेगळा डबा पाठवला.

मुलीला ही गोष्ट तोंडपाठ होती, कारण इंग्लंडमधल्या पहिल्याच वर्षी तिला स्वतःला नोटीस आली होती. तिथं भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते. लायसन्स परदेशी, मग पॉइंट लागणार कशावर, असं तिला वाटलं होतं. वेगाची किमान शिक्षा १०० पौंड आणि ३ पॉइंट. स्थानिक लायसन्स नसलं तरी परवाना खातं चालकाच्या नावानं नोंद उघडतं आणि पॉइंट तिथं साठवतं. पुढे ब्रिटिश लायसन्स काढलं की ते त्यावर येतात. चालक कोण होता या पत्राला उत्तरच दिलं नाही तर तो वेगळा गुन्हा, त्याचे ६ पॉइंट आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. ब्रिटनच्या व्हिसाच्या अर्जात वाहतूक गुन्ह्यांच्या शिक्षेबद्दल थेट विचारतात, तेव्हा असे कागद फाडून टाकू नयेत.

अमेरिकेत कॅमेऱ्यापेक्षा पोलिसाशी गाठ पडण्याची शक्यता जास्त. मागे लाल-निळे दिवे लागले की आपल्या माणसाची पहिली हालचाल चुकते. आपल्याकडं ‘मामा’नं हात केला की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, कागद घेऊन त्यांच्याकडं जायचं, हीच सभ्यता. तिथं उतरणं हा धोका समजतात. उजवीकडं थांबायचं, गाडी बंद करायची, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. लायसन्स कप्प्यात असेल तर तसं आधी सांगून मगच हात घालायचा. “जाऊ द्या ना साहेब, काही तरी मिटवून टाकू,” हे वाक्य कुठल्याच भाषेत उच्चारायचं नाही. तो लाच देण्याचा प्रयत्न होतो आणि त्यासाठी अटक होऊ शकते. हातात मिळालेल्या कागदावर उत्तर द्यायची किंवा कोर्टाची तारीख असते. ती टाळून विमानात बसलं तर त्या राज्यातला वाहन चालवण्याचा हक्क निलंबित होतो, वॉरंटही निघू शकतं.

दंडाच्या रकमेचा सगळ्यात थक्क करणारा हिशोब फिनलंडचा. तिथं जास्त वेगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये ओलांड बेटांवर अँडर्स विक्लॉफ या उद्योगपतींना ५० च्या हद्दीत ८२ नं गेल्याबद्दल १ लाख २१ हजार युरोंचा दंड झाला.

कॅमेरा दिसला की ब्रेक आणि कॅमेरा गेला की पुन्हा वेग, हीही आपली मुरलेली सवय. इटलीच्या महामार्गांवर २००५ पासून सरासरी वेग मोजणारी यंत्रणा आहे. एका कमानीखाली नंबर टिपतात, काही किलोमीटर पुढच्या कमानीखाली पुन्हा, आणि मधल्या वेळेवरून वेग काढतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून असंच मोजमाप सुरू झालं, तेव्हा हा धडा आता घरबसल्याही मिळतो. कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारं ॲप हाही उपाय नाही. स्वित्झर्लंडमध्ये असं ॲप वापरण्यावर बंदी आहे आणि जर्मनीत चालकाला गाडी चालवताना ते वापरता येत नाही. काका आता गाडीतलं स्पीड लिमिटरचं बटण वापरतात. गावात शिरताना ५० वर लावायचं, मग ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबला गेला तरी गाडी त्याच्या वर जात नाही.

पैसे भरणं हे शेवटचं आणि सगळ्यात किचकट काम. इटलीच्या नोटिशीवर बँक खात्याचा नंबर होता. काकांनी बँकेत जाऊन परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “काका, चार्जेस कोणाकडून कापायचे?” त्यांनी सहज म्हटलं, “निम्मे निम्मे.” वाटेतल्या बँकेनं आपला हिस्सा कापून घेतला आणि इटलीत दंडाच्या रकमेपेक्षा कमी पैसे पोचले. कमी रक्कम म्हणजे दंड पूर्ण भरला नाही. साठ दिवस उलटले असते तर १७३ चे ३४७ युरो झाले असते. मुलीनं उरलेले युरो इंग्लंडहून पाठवले म्हणून निभावलं. सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे ठेवा, शेऱ्यात नोटिशीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर लिहा, पावती जपा. ऑनलाइन कार्डानं भरायची सोय असेल तर तीच निवडा.

‘भरलंच नाही तर काय?’ हा प्रश्न सोसायटीच्या कट्ट्यावर काकांना सगळ्यांनीच विचारला. इथल्या चलनांसारखं लोकअदालतीत मिटवू, ही अपेक्षा तिथं चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तीस दिवसांची मुदत गेली की प्रकरण नेहमीच्या फौजदारी वाटेनं जातं आणि खर्च वाढत जातो. पुन्हा त्या देशात गेल्यावर पोलीस तपासणीत जुनी थकबाकी पुढे येऊ शकते. ज्यांची मुलं तिकडं राहतात, त्यांना ‘परत जायचंच कुठंय’ असं म्हणून चालत नाही.

काकांनी यंदा भाड्याच्या कराराची प्रत, गाडी परत दिल्याच्या वेळेची पावती आणि दोन्ही दंड भरल्याचे पुरावे एका फाइलमध्ये लावले आहेत. वॉचमनला सांगून ठेवलंय, परदेशी शिक्का दिसला की लगेच फोन करायचा. परदेशी पत्ता असलेल्या चालकाला नोटीस पाठवायला इटलीचा कायदा ३६० दिवस देतो. काकांच्या ट्रिपचे ३६० दिवस पुरे व्हायला अजून तीन आठवडे आहेत.