साडी की हिशेब?

प्रश्न : बदनापूरजवळ आमची कपाशी आहे. दरवर्षी दिवाळीला मी वेचणीच्या बायकांना साड्या देते. यंदा त्यांचे चेहरे पडलेले दिसले. माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, आधी एक विचारते. साड्या दिल्या त्या दिवशी वेचणीचे किलोवर ठरलेले पैसे चुकते झाले होते का? मजुरी अडकलेली असताना दिलेली साडी टोचते. वसुबारसेच्या आत हिशेब मिटवा, मग भेटीचं बघू.

किती द्यावं याला एक जुनं माप आहे. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या कमाईचा साधारण बारावा हिस्सा. तुमच्या शेताला त्याची सक्ती नाही. पण सालगडी असेल तर त्याला एका महिन्याचा पगार वरून द्या. बायकांना रोख, आणि सोबत घरचे मूग-उडीद. बदनापूरचं नाव तुरीच्या संशोधनासाठी घेतलं जातं खरं, पण दिवाळीत तूर अजून रानातच उभी असते!

साडीच द्यायची तर रंग त्यांना निवडू द्या. आणि देतानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. मला तरी तो प्रकार फार खटकतो.