पाडवा, पास्का आणि मजुराचा हिशेब



शेजाऱ्याच्या दारी गुढी उभी राहिली, तर आपण त्या आनंदात सहभागी व्हावे का, असे आम्हांला दरवर्षी विचारले जाते. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सांगितले. पूजाविधी त्यांचा त्यांच्याकडे राहो. शुभेच्छा देण्यास संकोच कशाला?

वसंताचा सण आपल्या पवित्र शास्त्रातही आहे. इस्राएल लोक मिसर देशातून निघाले ते अबीब महिन्यात, म्हणजे सातू कणसात येतो तेव्हा (निर्गम १३:४). म्हणून वल्हांडण सण वसंतात येतो आणि आपला पुनरुत्थान रविवारही वसंतातल्या पौर्णिमेनंतर येतो. मात्र देवाने त्या ऋतूला सुटकेची आठवण जोडून दिली. पालवी तर दरवर्षी फुटते. गुलामाची सुटका कोणीतरी करावी लागते.

आपल्या बीड जिल्ह्यात याच सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परततात. पाडव्याला सालगड्याचे जुने साल संपते, नवे ठरते. आपल्यात कोणी मालक आहे, कोणी मुकादम, कोणी उचल फेडणारा. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी देवाची आज्ञा आहे (अनुवाद २४:१४-१५). तेव्हा पास्काची मेणबत्ती पेटण्याआधी ज्याचे देणे असेल त्याला समोर बसवून, हिशेब वाचून दाखवून, ते चुकते करावे.

मेलेल्यांतून उठलेला प्रभू येशू आपल्याला तेवढे धैर्य देवो.