बदलत्या उन्हात सौर पॅनेलची कमाल शक्ती

सौर पॅनेलवर 100 वॅट हा आकडा छापलेला असला की, कडक उन्हात ते 100 वॅट देणारच अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः पॅनेल किती शक्ती देईल, हे उन्हाप्रमाणेच आपण त्यास कोणत्या दाबावर काम करावयास लावतो यावरही अवलंबून असते.

36 सिलिकॉन घटांच्या अशा पॅनेलची टोके मोकळी ठेवल्यास त्यांत सुमारे 22 व्होल्ट दाब आढळतो. परंतु प्रवाह शून्य असतो. टोके एकमेकांस जोडल्यास सुमारे 6 अँपिअर प्रवाह वाहतो. मात्र दाब शून्य होतो. शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार. तेव्हा दोन्ही प्रकारी हाती काहीच येत नाही. या दोहोंच्या दरम्यान, 18 व्होल्टच्या आसपास, हा गुणाकार सर्वांत मोठा होतो. हाच कमाल शक्तिबिंदू. तेच पॅनेल 12.5 व्होल्टच्या बॅटरीस थेट जोडले, तर दाब तेथेच अडकतो, प्रवाह जेमतेम वाढतो आणि सुमारे 72 वॅटच मिळतात. उरलेल्या शक्तीत 9 वॅटचे तीन दिवे लागले असते!

हा बिंदू स्थिर मात्र नसतो. ढग आला की प्रवाह उन्हाच्या प्रमाणात घटतो, दाब थोडाच उतरतो. उलट, पॅनेल तापले की दाबच उतरतो. छापील आकडा घटांचे तापमान 25 अंश सेल्सिअस धरून दिलेला असतो; मे महिन्यात ते 65 अंशांवर गेल्यास बिंदू 15 व्होल्टच्या जवळ सरकतो.

म्हणून पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये एक इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवितात. ते पॅनेलचा दाब किंचित बदलते आणि गुणाकार वाढला की घटला ते पाहते. वाढला तर त्याच दिशेने पुढचे पाऊल, घटला तर माघार. अंधारात पायांनी चढ चाचपीत टेकडीचा माथा गाठावा, तसाच हा प्रकार होय.

युक्ती साधी आहे, पण धावत्या ढगांपुढे ती फसते. पाऊल चुकीच्या दिशेस पडले असताना नेमके ऊन उघडले, तर शक्ती वाढते आणि उपकरण त्याचे श्रेय आपल्या पावलास देते. यावर उपाय असा की, दाब न बदलता मध्येच एकदा शक्ती मोजावी. उन्हामुळे झालेला फरक त्यातून वेगळा कळतो.

अर्धवट सावलीत, पॅनेलमधील संरक्षक डायोडांमुळे, एकाच्या जागी दोन-तीन टेकड्या तयार होतात. उपकरण धाकट्या टेकडीवरच थांबू नये म्हणून चांगल्या उपकरणात मधूनमधून दाबाची सर्व मर्यादा तपासण्याची सोय असते. तथापि सावली झाडाच्या फांदीची असेल, तर फांदी छाटणेच अधिक फायद्याचे.