घटक ४ : ‘रस्ता बंद’ म्हणजे कोणासाठी बंद? – चालण्याजोग्या शहराचा वाद आणि त्याची भाषा

४.० उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• सार्वजनिक वादात वापरल्या जाणाऱ्या शब्दांमागील गृहीतके ओळखता येतील.
• वाक्यरचनेमुळे जबाबदारी कशी दिसते किंवा लपते, हे सांगता येईल.
• पायी चालणे आणि खाजगी मोटार यांविषयीच्या वादातील दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे मांडता येतील.
• आपल्या परिसरातील रस्त्याविषयी साधार व नेमके निवेदन लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण वैचारिक लेखनातील युक्तिवादाचे स्वरूप पाहिले. प्रस्तुत घटकात एक चालू वाद उदाहरणादाखल घेतला आहे. आपली शहरे मोटारीच्या सोयीने रचावीत, की बहुतेक कामे पायी, सायकलने किंवा बसने होतील अशा रीतीने रचावीत, हा तो वाद होय. नगररचना हा आपल्या अभ्यासक्रमाचा विषय नाही. भाषा हा आहे. परंतु या वादात भाषेचे काम केवळ विचार पोहोचवण्याचे नाही. पुष्कळदा युक्तिवाद सुरू होण्यापूर्वीच शब्दांनी निर्णय देऊन टाकलेला असतो. हा निर्णय कसा दिला जातो, हे पाहणे या घटकाचे मुख्य प्रयोजन आहे.

हा विषय केवळ शब्दांपुरता नाही, हेही आरंभीच लक्षात घ्यावे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण कोणत्याही वाहनात नव्हता.

४.२ शब्दांत दडलेली बाजू

पुण्यातील लक्ष्मी रस्ता आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पेठांमधून जाणारा हा कापडाचा, दागिन्यांचा आणि सणासुदीच्या खरेदीचा रस्ता. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेने या रस्त्याचा एक भाग वाहनांना मनाई करून त्या दिवसापुरता चालणाऱ्यांसाठी राखून ठेवला आणि तो ‘पादचारी दिन’ म्हणून पाळला. पुढील वर्षांतही हा उपक्रम झाला. अशा उपक्रमाविषयी आपण सहज बोलतो ते असे : “आज रस्ता बंद आहे.”

या वाक्याकडे क्षणभर थांबून पाहा. ज्या दिवशी आजी नातवाचा हात सोडून निर्धास्त चालू शकते, ज्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन मैत्रिणींना बोलता येते, त्या दिवशी तो रस्ता ‘बंद’ असतो. उरलेल्या दिवशी, ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो तेव्हा, तो ‘सुरू’ असतो. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु ‘वाहनांसाठी’ हे पद त्यातून गळले आहे आणि ते गळूनही कोणाचा अर्थबोध अडत नाही. जे न सांगता कळते, ते समाजाने गृहीत धरलेले असते. रस्ता म्हणजे वाहनांची जागा, हे येथील गृहीतक आहे.

आता ‘रहदारी’ आणि ‘वाहतूक’ हे दोन शब्द घ्या. ‘रहदारी’मध्ये ‘राह’ म्हणजे वाट हा फारसी शब्द आहे. रहदारीचा रस्ता म्हणजे ज्यावर माणसांची आणि गाड्यांची सतत ये-जा असते तो. ‘वाहतूक’ हा शब्द वाहून नेण्याशी निगडित आहे. आज प्रशासनाच्या आणि वृत्तपत्रांच्या भाषेत ‘वाहतूक’ हाच शब्द रूढ आहे. “वाहतूक सुरळीत झाली” याचा अर्थ वाहने पुढे सरकू लागली, एवढाच होतो. शाळेतून घरी निघालेली पोरे त्यात मोजली जात नाहीत. रहदारीत चालणारा होता. वाहतुकीत तो उरलाच तर ‘अडथळा’ म्हणून उरतो.

तिसरा शब्द ‘अतिक्रमण’. मर्यादा ओलांडणे हा त्याचा मूळ अर्थ. पदपथावर भाजीची पाटी लागली की आपण हा शब्द वापरतो. त्याच पदपथावर मोटार चढवून ठेवली असता मात्र “गाडी लावली आहे” असे म्हणतो. कृती तीच आहे, जागाही तीच आहे, केवळ नाव बदलले आहे. नाव बदलले की कारवाईही बदलते.

अशी उदाहरणे केवळ मराठीत आहेत असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी इंग्रजीत ‘जे-वॉकर’ हा शब्द रूढ झाला. त्यातील ‘जे’ म्हणजे शहरी रीतभात न कळणारा गावंढळ माणूस. तोवर रस्ता कोठूनही ओलांडणे हा सर्वांचा वहिवाटीचा हक्क होता. मोटारींची संख्या वाढल्यावर, १९२०च्या दशकात, मोटारींशी हितसंबंध असलेल्या मंडळींनी या शब्दाचा जाणीवपूर्वक प्रचार केला. अपघाताचा दोष वेगाकडून चालणाऱ्याच्या ‘गावंढळपणा’कडे वळवण्यास त्याचा हातभार लागला.

४.३ वाक्यातील कर्ता

पुढील वाक्ये अभ्यासासाठी रचलेली आहेत. ती वृत्तपत्रीय भाषेच्या वळणाची आहेत.

(अ) मोटारीच्या धडकेत पादचारी ठार.
(आ) भरधाव मोटारीने पादचाऱ्याला चिरडले.
(इ) चालकाला वेग न आवरल्याने मोटार पादचाऱ्यावर आदळली.
(ई) पदपथ नसल्याने रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला मोटारीची धडक.

(अ) मध्ये क्रियापद नाही, कर्ताही नाही. घटना जणू आपोआप घडली आहे. (आ) हा भावे प्रयोग आहे. तेथे कर्ता आहे, पण तो मोटार आहे. ती चालवणारा माणूस दिसत नाही. (इ) मध्ये चालक येतो आणि कारणही येते. (ई) मध्ये प्रथमच रस्ता बांधणारी यंत्रणा वाक्याच्या कक्षेत शिरते.

यांपैकी कोणते वाक्य ‘खरे’ आहे, असा प्रश्न विचारू नये. चारही एकाच घटनेविषयी खरी असू शकतात. प्रश्न असा विचारावा, की प्रत्येक वाक्य कोणाला उत्तरदायी ठरवते आणि तसे ठरवण्यास लेखकाजवळ पुरावा आहे काय. पुराव्यावाचून (इ) लिहिणे हा अन्याय होईल. पुरावा असून (अ) वरच थांबणे हाही अन्यायच होय.

४.४ मोजमापाची भाषा

वादात आकडे आले की तो वस्तुनिष्ठ झाला, असे आपण मानतो. परंतु काय मोजायचे, ही निवडही भाषेसारखीच पक्ष घेते. एखाद्या चौकातून तासाला किती वाहने गेली हे मोजले, तर चाळीस प्रवाशांची एक बस आणि एकट्या माणसाची एक मोटार यांची किंमत सारखीच ठरते. किती माणसे गेली हे मोजले, तर चित्र पालटते. भारत सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने नियोजनाच्या केंद्रस्थानी वाहने नव्हे तर माणसे असावीत, अशी भूमिका स्वीकारली. धोरणाच्या भाषेतील हा बदल महत्त्वाचा आहे. रस्त्यावर तो कितपत उतरला, हे आपल्या गल्लीत पाहून आपणच ठरवावे.

जागेचेही असेच आहे. एक मोटार उभी करण्यास साधारणतः २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. म्हणजे एका उभ्या मोटारीच्या जागेत सुमारे सात मीटर लांबीचा पदपथ बसतो. त्या जागेला ‘मोफत पार्किंग’ म्हटले की खर्च दिसेनासा होतो. तो खर्च मोटार नसलेल्यांसह सर्व जण भरतात, हे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे.

४.५ दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

चालण्याजोग्या शहराचा पक्ष : या पक्षाचे म्हणणे असे, की रस्ते रुंद केल्याने कोंडी कायमची सुटत नाही. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले, की महामार्ग ज्या प्रमाणात वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. दुसरे असे, की मुले, वृद्ध आणि मोटार न परवडणारे यांना स्वतंत्रपणे फिरता येणे हा समतेचा प्रश्न आहे. तिसरे असे, की पुण्यातील जुन्या पेठांसारख्या वस्तीत घर, दुकान, शाळा, देऊळ आणि मंडई जवळजवळ असल्याने पायी चालणे ही रोजची सहज गोष्ट होती. म्हणून ही कल्पना परकी नाही.

मोटारीची गरज मांडणारा पक्ष : हा पक्ष केवळ ऐषारामाचा पुरस्कर्ता आहे असे मानू नये. ज्याला गुडघेदुखी आहे किंवा जो चाकाच्या खुर्चीवर आहे, त्याला दारापर्यंत वाहन लागते. रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रीला अंधारी पायवाट सुरक्षित वाटत नाही. घरे महाग झाल्याने उपनगरापलीकडे राहायला गेलेल्या नोकरदाराला ‘चालत जा’ असे सांगणे ही थट्टा ठरते. बस वेळेवर येत नसेल, तर दुचाकी ही त्याची चैन नसून नाइलाज असतो. वाहनबंदीमुळे गिऱ्हाईक तुटेल, ही दुकानदाराची भीतीही त्याच्या पोटाशी निगडित आहे.

येथे तिसराही एक पक्ष आहे, जो दोघांच्या भांडणात विसरला जातो : पदपथावर पोट भरणारा. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. त्याच वेळी पदपथ हे चालणाऱ्यांसाठी असतात, हेही सांगितले. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले. चालणाऱ्याचा हक्क आणि विक्रेत्याचा हक्क ही दोन्ही सत्ये एकाच अरुंद पट्टीवर उभी आहेत. ती पट्टी अरुंद का राहिली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

४.६ नाव आणि भीती

चांगले नावही वादात उलटू शकते, याचे एक परदेशी उदाहरण पाहू. नित्याच्या गरजा घरापासून पंधरा मिनिटांत चालत वा सायकलने भागाव्यात, अशी कल्पना पॅरिसमधील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६च्या सुमारास मांडली. महापौर ॲन हिडाल्गो यांनी २०२०च्या निवडणुकीत तिचा पुरस्कार केला. पुढे इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे काही रस्त्यांवर मोटारींना ठराविक वेळी निर्बंध घालण्याची योजना आली. ती योजना आणि ‘पंधरा मिनिटांचे शहर’ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. परंतु लोकांच्या बोलण्यात त्या एक झाल्या आणि २०२३ साली तेथे निदर्शने झाली. ‘पंधरा मिनिटांत पोहोचता येणे’ याचा अर्थ काहींनी ‘पंधरा मिनिटांपलीकडे जाऊ न देणे’ असा लावला. सोयीचे वर्णन बंदीचा हुकूम म्हणून वाचले गेले. ज्यांचे आयुष्य बदलणार आहे त्यांच्याशी त्यांच्या शब्दांत बोलणे राहून गेले, की मोकळ्या जागेत भीती आपले शब्द आणून बसवते.

४.७ समारोप

मराठीत ‘पायपीट’ आहे आणि ‘पाय मोकळे करणे’ही आहे. दोन्ही चालणेच, पण पहिल्यात नाइलाज आहे, दुसऱ्यात मोकळीक. शहराच्या वादाचे सार या दोन शब्दांत सांगता येईल. लोकांना चालायला लावणे आणि लोकांना चालता येणे, यांत हेच अंतर आहे. म्हणून या विषयावर लिहिताना आपण तीन गोष्टी तपासाव्यात : शब्दातून कोण गळला आहे, वाक्यात कर्ता कोण आहे आणि मोजले काय जात आहे. हे तपासल्यावर आपण कोणतीही बाजू घ्यावी. ती विचारपूर्वक घेतलेली असेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘रस्ता बंद आहे’ या वाक्यातील गृहीतक स्पष्ट करा.
२. ‘रहदारी’ व ‘वाहतूक’ या शब्दांच्या अर्थव्याप्तीतील फरक सोदाहरण लिहा.
३. ४.३ मधील चार वाक्यांप्रमाणे एका काल्पनिक घटनेविषयी चार वाक्ये रचा आणि प्रत्येकातील उत्तरदायित्व कोणाकडे जाते ते सांगा.
४. आपल्याला न पटणाऱ्या पक्षाची बाजू, त्या पक्षातील माणसाला मान्य होईल अशा शब्दांत, दहा ओळींत मांडा.

क्षेत्रकार्य

आपल्या घरापासून जवळच्या शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत चालत जा. पदपथ कोठे आहे, कोठे तुटतो, त्याची रुंदी किती आहे, त्यावर काय आहे, रस्ता ओलांडण्यास किती वेळ थांबावे लागते, याची नोंद करा. या नोंदींच्या आधारे आपल्या ग्रामपंचायतीस, नगरपरिषदेस किंवा महानगरपालिकेस उद्देशून दोनशे शब्दांचे निवेदन लिहा. निवेदनात एकही विशेषण पुराव्यावाचून वापरू नये. अभ्यासकेंद्रावर चर्चा झाल्यानंतर ते प्रत्यक्ष पाठवण्यास हरकत नाही.