थान तुटलेले बालक

स्तोत्र १३१ तीनच वचनांचे आहे. हे १५ आरोहणस्तोत्रांपैकी एक असून याच्या मथळ्यावर दाविदाचे नाव आहे. आपण गर्विष्ठ नाही, असे देवाला सांगून तो आपल्या जिवाला थान तुटलेल्या बालकाची उपमा देतो. तान्ह्याची का देत नाही? तान्हे दुधासाठी बिलगते; दूध मिळेना की आकांत करते. थान तोडताना मूल किती रात्री रडते, हे आपल्या मायबहिणींस सांगावयास नको (उपदेशकांस मात्र सांगावे लागते!). पुढे तेच मूल काही न मागता मांडीवर निजते. दूध त्याला मिळालेले नाही, तरी ते आईपाशी आहे. बंधूंनो, प्रार्थना करूनही लेकरू का गेले, पाऊस का आला नाही, या गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे कबूल करणे जड जाते. दाविदालाही आपला जीव उगी करावाच लागला.