गुलाबी बोंडअळी हुशार झाली का?



आपल्या गावात पऱ्हाटीची वावरे पुष्कळ आहेत. हिरवे बोंड फोडले की कधी कधी आत सरकी खात बसलेली गुलाबी अळी दिसते. तीच गुलाबी बोंडअळी. आमचे आजोबा म्हणतात, "अळी आता हुशार झाली. तिला विषाची सवय झाली." मी बाईंना विचारले, हे खरे का? बाई म्हणाल्या, "अळी काही शाळेत जात नाही. काय झाले ते आपण खेळूनच पाहू."

बाईंनी शाळेमागच्या काळ्या मातीत २० दाणे ज्वारीचे आणि २० दाणे उडदाचे पसरले. आम्ही झालो चिमण्या. दोन बोटांची चोच करून भराभर २० दाणे टिपायचे. मोजले तर १६ ज्वारीचे आणि ४ उडदाचे निघाले. पांढरी ज्वारी काळ्या मातीत लगेच दिसते ना! खाली राहिली ४ ज्वारी आणि १६ उडीद. मग प्रत्येक दाण्याला एक एक पिल्लू झाले असे धरून तेवढेच दाणे टाकले. झाले ८ आणि ३२. पुन्हा २० टिपले. या वेळी ज्वारीचा एकच दाणा उरला आणि उडदाचे १९ उरले.

आता नीट पाहा. एकाही ज्वारीने रंग बदलला नाही. एकही उडीद हुशार झाला नाही. उडीद पहिल्यापासूनच काळा होता. तो वाचला, म्हणून त्याची पिल्ले वाढली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. इंग्लंडचे शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली आपल्या पुस्तकात ही गोष्ट पुष्कळ दाखले देऊन सांगितली.

बोंडअळीचे असेच झाले. मातीत एक सूक्ष्म जिवाणू असतो. तो अळीला मारणारे विष तयार करतो. ते विष तयार करण्याचा गुण शास्त्रज्ञांनी कपाशीत घातला. तेच बीटी बियाणे. आपल्या देशात २००२ साली त्याला परवानगी मिळाली. २००६ साली दोन प्रकारची विषे असलेले बियाणे आले. अळीने बोंड खाल्ले की ती मरायची. पण हजारो अळ्यांत एखादी अळी जन्मापासूनच वेगळी होती. तिला ते विष बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या, ती वाचली. तिचा पतंग झाला. एक मादी शंभराहून जास्त अंडी घालते आणि साधारण महिन्याभरात नवी पिढी येते. मग व्हायला किती वेळ लागतो? २००९ साली गुजरातमध्ये पहिल्या विषाला न जुमानणाऱ्या अळ्या सापडल्या. पुढे दुसरे विषही चालेना. २०१७ साली महाराष्ट्रात फार नुकसान झाले. आजी सांगते, त्या साली आमच्या वावरात बोंडे नीट फुटलीच नाहीत. घरात आली ती नुसती कवडी. व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला. बाबांनी उभ्या पिकात गुरे सोडली.

यावर उपाय नव्हता का? होता. तेव्हा बियाण्याच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची एक लहान पुडी मिळायची. त्यात साधी, म्हणजे बीटी नसलेली सरकी असे. ती वावराच्या कडेने लावायची होती. त्या झाडांवर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग त्या वेगळ्या पतंगांशी जोडी करतात. अशा जोडीची पिल्ले बहुतेक करून बीटी बोंड खाऊन मरतात. पण पुष्कळांना वाटले, अळीला कशाला पोसायचे? आमच्याकडेही ती पुडी बांधावर फेकली होती. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात शेतकऱ्यांनी अशी साधी कपाशी राखली. शिवाय पिल्ले न होणारे पतंगही सोडले. २०१८ साली तिकडे कापसाच्या भागातून ही अळी गेल्याचे जाहीर झाले.

दुसरी चूक फरदडीची. हंगाम संपल्यावर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला खायला मिळत राहते. आणखी पिढ्या होतात आणि वाचलेल्या अळ्या पुढच्या सालासाठी राहतात. म्हणून डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटावी. कामगंध सापळे लावावेत. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुले दिसली तर तोडून नष्ट करावीत, त्यांना डोमकळी म्हणतात. नुसती फवारणी करून भागत नाही. अळी बोंडाच्या आत असते, तिथे औषध पोचत नाही. उलट बाहेरचे ढालकिडे आणि कोळी हे आपले मित्र मरतात.

बाई म्हणाल्या, सगळीकडे एकच पीक आणि एकच विष असले की निसर्ग एकाच तऱ्हेची अळी निवडतो. म्हणून वावरात तूर, मूग, उडीद, मका अशी नाना पिके असावीत. बांधावर झाडे असावीत. नाना तऱ्हेचे जीव असले की कोणा एकाचे फार माजत नाही.

बाबा यंदाही फरदड ठेवू म्हणत आहेत. दोन क्विंटल जास्त निघेल, तुझ्या ताईच्या फीला होतील, असे ते म्हणतात. बाबा, तुम्ही हा लेख वाचायला उभे असाल तर माझे ऐका. पण आपण एकट्याने उपटून चालणार नाही. पतंग बांध ओलांडून येतो. सगळ्या गावाने मिळून उपटली पाहिजे.

सांगा पाहू:
१. खेळात माती पांढरी असती तर कोणते दाणे जास्त उरले असते?
२. "अळीला विषाची सवय झाली" हे वाक्य चूक का?
३. तुमच्या घरी यंदा फरदड आहे का? घरी विचारून या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी