मामा तलावाचे धडे

आमच्या गोंदिया जिल्ह्यात 'मामा तलाव' म्हटलं की बाहेरचा पाहुणा हमखास विचारतो, कोणाच्या मामाचा? मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे गेले आणि १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. पाणी धानाला, मासोळी ढीवरांना, आणि डागडुजी? ती कुणाचीच नाही. आमच्या मच्छीमार संस्थेचा मी एकवीस वर्षं सचिव होतो. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

१. बेशरम कापायची नसते.
या झुडपाला हे नाव उगाच नाही पडलं. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पहिल्या वर्षी आम्ही तीस जणांनी श्रमदान केलं, विळ्यांनी सपासप कापली आणि कांड्या काठावरच टाकून फोटो काढले. पावसाळ्यात त्या प्रत्येक कांडीला मुळं फुटली. पुढच्या वर्षी दुप्पट बेशरम. तेव्हापासून मे महिन्यात कुदळीनं मुळासकट काढतो, पारीपासून लांब नेऊन कडकडीत वाळवतो आणि जाळतो. (पार म्हणजे पाळ. झाडीबोलीत 'ळ' चा 'र' होतो.) फोटो आता कोणी काढत नाही.

२. मासा पाण्यात राहत नाही.
हे मला एका म्हाताऱ्या मायनं सांगितलं. वर्षानुवर्षं आम्ही कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली आणून सोडत होतो. मग कोणीतरी ग्रासकार्प सुचवला. गवत खातो, तलाव साफ राहतो, वजन पण भरतं. ठराव मीच लिहिला. दोन हंगाम चार-चार किलोचे मासे निघाले. तळ मात्र धुतलेल्या परातीसारखा झाला. मरळ दिसेना, बारीक गावरान मासोळी तर नावालाही नाही. माय रिकामी टोपली उलटी करून म्हणाली, "पान्यात नाही बाबू, मासोरी गवतात रायते."
गवतातच ती अंडी घालते, गवतातच पिल्लं लपतात. मग उलटा उद्योग सुरू झाला. उन्हाळ्यात तलावाचा आटलेला एक कोपरा नांगरायचा, आणि पहिल्या पावसानंतर शेजारच्या बोडीतून (छोट्या तळ्यातून) पाणवनस्पती मुळासकट आणून तिथल्या चिखलात रोवायच्या. धानाची रोवणी करणाऱ्या बायांना हे काम शिकवावं लागलं नाही, आम्हालाच त्यांच्याकडून शिकावं लागलं. गावात मात्र हसू झालं, ढीवर आता कचरा पेरतात म्हणून. तिसऱ्या वर्षी कमळपक्षी आले, अडई बदकं उतरली, आणि जाळ्यात बोटभर मरळ सापडली. ती आम्ही परत सोडली.

३. तुडुमाची किल्ली म्हणजे अर्धं भांडण.
तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार. धान गर्भात आला आणि पाऊस दडला की शेतकऱ्याला शेवटचा थेंब हवा असतो. तळ उघडा पडला की आमचं वर्ष गेलं. एका साली रात्रीतून तुडूम उघडलं गेलं, सकाळी चिखलात मासे तडफडत होते. पंचनामा, तक्रार सगळं केलं, हाती काही लागलं नाही. शेवटी दोन्हीकडची म्हातारी माणसं पारीवर बसली आणि एका दगडावर लाल रेघ मारली. तिच्या खाली पाणी न्यायचं नाही. ही रेघ कुठल्याच कागदावर नाही, तरी चौदा वर्षं टिकली. मधे दोनदा मोडली, तेही खरं.

४. कागद मात्र सांभाळा.
ठेक्याची पावती, लेखापरीक्षण, सभेचं इतिवृत्त. एकदा ठेक्याची रक्कम भरूनही थकबाकीदार ठरलो होतो. पत्र्याच्या पेटीतल्या एका पावतीनं वाचलो.

५. गाळ काढताना जेसीबीजवळ उभं राहा.
गाळ निघायलाच हवा, शेतालाही तो सोन्यासारखा. पण चालकाला ब्रास मोजून पैसे मिळतात, तो जिथे सोपं तिथे खणतो. आमच्याकडे पारीच्या पायथ्याशीच खणलं. पावसाळ्यात पलीकडून पाणी झिरपू लागलं, चार रात्री माती भरलेल्या पोत्यांचा ढीग लावत जागलो. गाळाबरोबर आम्ही रोवलेला कोपराही गेला. त्या दिवशी मी तालुक्याला मीटिंगमध्ये होतो.

६. बायांना सभासद करायला आम्ही फार उशीर केला.
मासोळी डोक्यावर घेऊन दारोदार विकायची त्यांनी, कोपरा रोवायचा त्यांनी आणि सभेत सही नवऱ्याची. ही चूक माझ्या काळातली. सतरा वर्षं ते मला खटकलंसुद्धा नाही. पहिल्याच सभेत त्यांनी विचारलं की ग्रासकार्पचा ठराव कोणी लिहिला होता.

आता सचिव दुसरा आहे, बी.ए. झालेला पोरगा. परवा घरी आला होता. दगडावरची रेघ पुसट झाली आहे, नेमकी कुठे होती ते दाखवायला चला म्हणाला. रंगाचा डबा त्यानं सोबतच आणला होता, पण निळा. मी त्याला लाल आणायला परत पाठवलं.